वीतभर

रहाटेकाकांनी मला पहिल्याच भेटीत झापलं होतं, आणि तेही मी नदी किती लांब आहे एवढंच विचारलं म्हणून. पुरानंतरचा हिवाळा होता. मी रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने त्या पेठेत उतरले होते. एका हातात नकाशांची गुंडाळी, दुसऱ्या हातात डबा, आणि पायात पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून हमखास घसरतील असे बूट. एका दुकानाच्या पायरीवर एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. बाजूला भिंतीला टेकवलेली त्यांच्याहूनही उंच काठी. मी म्हटलं, काका, इथून नदी साधारण किती लांब आहे हो?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साधारण पायजे असेल तर त्या पानवाल्याला विचार. नक्की पायजे असेल तर बस, पाणी पी, मग जाऊ मोजत."

मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी खडूस भेटला. पण पाणी प्यायले आणि गेले. ते पुढे, मी मागे. ते ओठ हलवत पावलं मोजत होते आणि मध्ये कोणी नमस्कार केला तर हात वर करत होते, तोंड उघडत नव्हते. घाटाच्या शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी मला फूट सांगितले, इंच सांगितले, आणि वर बजावलं, "‘साधारण’ हा आळशाचा देव हाय. त्याला नारळ वाढवत बसलीस तर तुझा आराखडा झालाच म्हणून समज."

मी तेव्हा सरकारी नगररचनेत नवी होते. त्या शहराचा पुढच्या वीस वर्षांचा पुनरुभारणी आराखडा करायचा होता आणि आमच्याकडच्या चार जणांत सगळ्यात धाकटी म्हणून फिरती माझ्या गळ्यात आली होती. शहर म्हणजे मूळची नदीकाठची पेठ. एके काळी खाडीतून गलबतं थेट घाटाला लागायची. चिऱ्याची जोती, वर लाकडी सज्जे, समोरासमोर दुकानं, एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला मशीद, आणि मंद उतारावर तीन आळ्या: वरची, मधली आणि अगदी पाण्याशी घाटआळी. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे.

रहाटेकाका भूमी अभिलेखातले निवृत्त मोजणीदार. पेठेतल्या प्रत्येक घराची हद्द त्यांना पाठ. पुरानंतर पंचनामे करायला माणसं कमी पडली तेव्हा त्यांनाही बोलावलं होतं. आठ दिवस ते गुडघाभर चिखलातून घराघरात फिरले, पाणी कुठवर चढलं ते मोजून लिहून दिलं, आणि मोबदला देऊ केला तेव्हा बोलावणाऱ्यालाच फैलावर घेतलं. त्यामुळे माझ्यासोबत फिरायला स्थानिक माणूस हवा म्हटल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. काहींनी ते हसत सांगितलं, ते का हसले ते मला पुढे कळलं.

त्यांची ती काठी पोफळीच्या लाकडाची होती. सात फूट. फुटाफुटाला पितळी खिळा, मध्ये इंचांच्या बारीक रेघा, त्या त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः कोरलेल्या. दर दिवाळीत ते तिला तेल लावायचे. काकू म्हणायच्या, लग्नात मला अंगठी आणली ती सैल, पण हिचे खिळे बघ, एक तरी हललाय का? एकदा मी गमतीने त्या काठीला पाठ लावून उभी राहिले. काकांनी डोक्यावर वही आडवी धरली, नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, पाच फूट दीड इंच. मी म्हटलं, शक्यच नाही, मी पाच-तीन आहे. माझ्या लग्नाच्या माहितीपत्रकात आईने तेच छापलं होतं. ते म्हणाले, मग आईला सांग, मुलगा बघायला येताना काठी घेऊन येणार नाय, घाबरू नको. पण मी मान्य करेपर्यंत त्यांनी मला तीनदा उभं केलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, मला तो जन्मभर विसरता येणार नाही.

मोजताना ते नेहमी गुडघ्यावर बसायचे. सत्तरी उलटलेला माणूस, उठताना भिंत धरावी लागायची, तरी काठीचं टोक जमिनीला नीट टेकलंय ना हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वर बघायचे नाहीत. म्हणायचे, "मोजायचं म्हणजे खाली वाकायचं. उभ्या उभ्या मोजतो तो चोर तरी, नायतर साहेब तरी." मग माझ्याकडे बघून, "तुला नाय गो बोललो."

या मोजण्याने त्यांना काय दिलं म्हणाल, तर सख्ख्या भावाचा अबोला. तरुणपणी वडिलोपार्जित आगराची वाटणी करताना त्यांच्या लक्षात आलं की वडिलांनी घातलेलं कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत चार फूट आत गेलंय, आणि त्या चार फुटांत फणस उभा आहे. दुसरा असता तर गप्प बसला असता. शेजाऱ्याला पत्ताही नव्हता. काकांनी स्वतः जाऊन त्याला सांगितलं, कुंपण हलवलं, फणस देऊन टाकला. भाऊ जो तुटला तो तुटलाच. जाताना म्हणाला होता, मोजून मापून मर. काका हे मला अगदी सरळ आवाजात सांगायचे, जसा काही सर्व्हे नंबर वाचून दाखवताहेत. काकू मात्र तेवढ्यात उठून आत जायच्या.

तर असा माणूस. लोक त्यांना मान द्यायचे, पण प्रेम? छे. माया नाही हो त्या माणसाला, असं मला पेठेत दोघा-तिघांनी तरी सांगितलं. मला ते कधी पटलं नाही, कारण मी त्यांच्या घरी जेवत होते. घाटआळीतलं शेवटून दुसरं घर. मागच्या पडवीत पाट मांडून काकू कुळथाची पिठी आणि भात वाढायच्या, आणि मी अर्ध्यावर थांबले तर काका माझ्या ताटाकडे बोट करून म्हणायचे, ह्या काय? माप पुरं कर.

त्या पडवीची भिंत मळकी होती. दारावरच्या चौकटीच्या जरा खाली गाळाची एक तपकिरी रेघ आडवी गेलेली. बाकी सगळी पेठ पांढरी शुभ्र होती. पूर आषाढाच्या शेवटी आला आणि श्रावण सरला की गणपती. आमच्या कोकणात घरात चूल पेटली नाही तरी चालेल, पण भिंतीला चुना लावल्याशिवाय गणपती आणायचा म्हणजे पापच. तेव्हा चिखल उपसून होतो न होतो तोच पेठेने चुना लावला, रंग लावला, आणि पाणी कुठवर आलं होतं याच्या सगळ्या खुणा महिनाभरात पुसून टाकल्या. देवासाठी केलं, कोण काय बोलणार? काकांनी पुढच्या ओटीला चुना लावला, मागच्या पडवीला लावू दिला नाही. काकू दर खेपेला माझ्याकडे तक्रार करायच्या. काका म्हणायचे, "राहू दे ती. माणूस खोटं बोलतो, भिंत नाय बोलत."

मी दीड वर्ष त्या भिंतीसमोर बसून जेवले आणि एकदाही उठून ती रेघ मोजली नाही. मला गरजच वाटली नाही. माझ्याकडे रहाटेकाकांचे पंचनामे होते ना!

आराखड्यात सगळ्यात महत्त्वाची होती निळी रेषा. पुराचं पाणी घरांच्या खिडकीपर्यंत चढू शकतं तिथवर ती काढायची. तिच्या आत नवं बांधकाम नाही, पडलेलं पुन्हा उभारायचं नाही. तिच्या आत येईल ती वस्ती हळूहळू वर सड्यावर न्यायची, त्या उघड्या कातळाच्या माळावर, जिथे पाणी टँकरने येतं आणि वारा टोप्या उडवतो. म्हणजे ती रेषा कुठून जाणार यावर पेठ राहणार की जाणार ते ठरणार होतं. आणि ती कुठे काढायची हे ठरवायला पाण्याची नक्की उंची हवी. भिंतींवरच्या खुणा गेलेल्या, नदीवरची मोजपट्टी पुरातच वाहून गेलेली. उरले फक्त ते पंचनामे, काकांच्या किरट्या अक्षरातले, घराघराचे फूट आणि इंच. मी खूश झाले. दुसऱ्या कोणाचे आकडे असते तर दहादा तपासले असते. रहाटेकाकांचा आकडा तपासायचा म्हणजे आईच्या हातच्या जेवणात मीठ आहे का ते यंत्राने बघण्यातला प्रकार.

एकदा त्यांनी विचारलंही होतं, पाण्याची उंची कुठून घेतलीस गो? मी लाडात येऊन म्हटलं, घेतलीय काका, एकदम खात्रीची आहे. मला त्यांना नकाशा लागला की आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. नकाशाच्या खाली मी मुद्दाम ओळ घातली होती, की पूरपातळी स्थानिक प्रत्यक्ष मोजणीवरून घेतली आहे. मला वाटलं, ते वाचून म्हातारा एकदा तरी हसेल.

नकाशा शाळेच्या सभागृहात लागला त्या दिवशी तोबा गर्दी झाली. निळी रेषा वरच्या आळीच्याही वरून गेली होती. तिन्ही आळ्या आत. देऊळ आत, मशीद आत, दोन्ही बाजूंची दुकानं आत. बायका रडत होत्या, पुरुष माझ्यावर ओरडत होते, आणि मी आपली पाठ केलेली वाक्यं म्हणत होते. काका मागून आले. खालची ओळ वाचली. मग रेषेवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. हसले नाहीत. काठी घेऊन निघून गेले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढा मान दिला आणि साधं ‘बरं’ म्हणून नाही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रत्नागिरीत माझ्या टेबलासमोर उभे होते. काठीशिवाय. मी त्यांना काठीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्या आकड्यांत प्रत्येक घराला मी एक वीत वाढवली हाय."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं, तेच पूर्वीच्या सर्व्हे नंबर वाचल्यासारख्या आवाजात. पंचनाम्याच्या तिसऱ्या दिवशी ते वरच्या आळीत शेवंताबाईंकडे गेले. शेवंताबाई विधवा, मुलगा नाही, दळप-कांडप करून राहणारी. घराची मागची भिंत कोसळली होती. त्या वेळी असं सांगण्यात आलं होतं की खिडकीपर्यंत पाणी चढलं असेल तरच घर उभारायला मदत. शेवंताबाईंकडे पाणी खिडकीच्या खाली वीतभर थांबलं होतं. काका गुडघ्यावर बसून मोजत होते आणि ती बाई बाजूला उभी राहून म्हणाली, भाऊ, तुम्ही मोजताय ना, मग काय लिहाल ते बरोबरच असणार. तिने काही मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, असं काका म्हणाले. तिने काही मागितलंच नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ते दुसरे कोणी झाले असते. रहाटेकाका त्या रात्रभर जागले, कारण एका घराला वीत दिली आणि शेजारच्याला नाही, हा अन्याय झाला. तेव्हा त्यांनी पहिल्या घरापासून सगळी पानं पुन्हा लिहिली आणि झाडून सगळ्या पेठेला एक एक वीत वाढवली. ज्यांना गरज होती त्यांना आणि नव्हती त्यांनाही. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी जवळजवळ चौकटीला टेकलं होतं, तिथे वाढवायचं काही कारण नव्हतं. तरी वाढवली, कारण सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. लबाडीसुद्धा त्या माणसाने काठी लावून, सारखी वाटून केली. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. एवढ्या मंद उताराच्या पेठेत पाण्याची उंची वीतभर वाढली, की आडव्या जमिनीत दोन आळ्या रेषेच्या आत जातात. मी मनातल्या मनात हिशेब केला, मग कागदावर पुन्हा केला.

मी वरिष्ठांना कोणाचं नाव न घेता विचारून पाहिलं. उत्तर सरळ होतं. सही केलेला पंचनामा खोटा निघाला तर चौकशी होणार, आणि ती एका माणसाची होत नाही. त्या पंचनाम्यावर ज्या ज्या घराने मदत घेतली त्या प्रत्येक घराची होते. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरची मोजपट्टी सरळ करून ठेवली.

"म्हणजे एक तर पेठ जाणार, नायतर पेठेची अब्रू."

मी म्हटलं, काका, काहीतरी मार्ग निघेल. साधारण महिना आहे आपल्याकडे. ‘साधारण’ म्हटल्यावर ते मला ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. डबा न उघडताच परतीच्या एसटीला गेले.

हरकतींच्या सुनावणीला बाहेरून मोठे साहेब आले होते. सभागृह भरलं होतं. काकांचं नाव पुकारल्यावर ते पुढे आले, हातात काठी. त्यांनी ती साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली. म्हणाले, साहेब, ही माझी मोजणीची काठी. पुराच्या दिवशी घाटाच्या पायरीत अडकून हिचं खालचं टोक तुटलं. मला तेव्हा मोतीबिंदू होता, माझ्या ध्यानात आलं नाही. हिनेच मी सगळी पेठ मोजली. आता ताडून बघितलं तर ही वीतभर कमी भरते. म्हणून सगळे आकडे वीतभर जास्त आलेत. चूक माझी एकट्याची, लोकांना यातलं काही ठाऊक नाय.

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. साहेबांनी काठी उचलून टोक पाहिलं. टोकाला काळपट गाळ चोळलेला होता. तुटलेलं लाकूड चिंबतं, फाटतं, त्याच्या शिरा निघतात. हे टोक करवतीने कापल्यासारखं सरळ होतं. मी टेबलाच्या शेजारीच उभी होते, मला दिसत होतं.

साहेब म्हणाले, कधी तुटली म्हणता?

"साधारण पुराच्याच टायमाला," रहाटेकाका म्हणाले.

तो शब्द त्यांनी स्वतःच्या उत्तरात वापरलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला. साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही यांच्याबरोबर दीड वर्ष फिरलात, ही काठी रोज पाहिलीत, तुमच्या काही लक्षात आलं नाही? पुरानंतर सहा महिन्यांनी मी त्याच काठीला पाठ लावून उभी राहिले होते आणि पाच फूट दीड इंच भरले होते. काठी तेव्हा तुटकी असती, तर मी पावणेसहा फुटांच्याही वर गेले असते आणि आईने मला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मी म्हटलं, नाही सर, लक्षात आलं नाही.

साहेब काही भोळे नव्हते. त्यांनी पुरावा मागितला, न रंगवलेली एखादी भिंत. काका म्हणाले, माझ्या घरची मागची पडवी. दुसऱ्या दिवशी यंत्र लावून ती गाळाची रेघ मोजली. पंचनाम्यातल्या आकड्यापेक्षा बरोबर एक वीत खाली. इंचाचाही फरक नाही. भिंत खोटं बोलली नाही. सगळ्या आकड्यांतून वीत वजा झाली, निळी रेषा खाली आली, वरची आळी आणि मधली आळी सुटली. देऊळ, मशीद, दुकानं, सज्जे सगळं बाहेर. घाटआळी आतच राहिली. ती खऱ्या मापानेही आतच होती, आणि काकांना हे आधीपासून माहीत होतं.

त्या दिवशी पेठेत पेढे वाटले. काकांना कोणी दिले असतील तर मी पाहिले नाहीत.

पुढचं सांगताना माझा अजून संताप होतो. पेठेत अर्ध्या लोकांना तरी खरं काय ते कळलं असणार. आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. पण खरं बोलायची कोणाला सोय नव्हती, आणि गप्प बसायचं ते तरी नीट बसावं ना! तेही जमलं नाही. दुकानात कापड तोकडं फाडलं गेलं, की म्हणायचे, रहाट्याची काठी वापरलीस काय रे? वासा आखूड पडला, रहाट्याची काठी. लग्नाचं जेवण कमी पडलं, रहाट्याची काठी. ज्या माणसाने चार फुटांसाठी सख्खा भाऊ गमावला, त्याचं नाव चुकीच्या मापाला पडलं. शेवंताबाई तेवढी कधी हसली नाही. ती पाखाडीवर काका दिसले की पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची, देवासमोर राहतात तशी, आणि काका वाट बदलून जायचे.

घाटआळी रिकामी झाली. काका-काकूंना सड्यावर दोन खोल्या मिळाल्या. मी भेटायला गेले की काकू वाऱ्याची तक्रार करायच्या, पाण्याची करायच्या, आणि नदीचा आवाज नसल्याने झोप येत नाही म्हणायच्या. काका बोलेनासे झाले होते. काठी कोपऱ्यात उभी होती, तेल न लावलेली. एकदा मी धीर करून म्हटलं, काका, मी कुठेतरी बोलते, खरं काय ते लिहून ठेवते. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग म्हणाले, "मी जन्मभर मोजलं गो बाय. पण माप कशासाठी घ्यायचं, ते एकदाच कळलं. आणि तेव्हाच चुकलं."

चुकलं ते नक्की कधी, शेवंताबाईच्या भिंतीपाशी, की टेबलावर काठी ठेवली तेव्हा, की मी दीड वर्ष समोरची भिंत मोजली नाही तेव्हा? मी स्वतःला सोडवायला बघते आणि दर वेळी त्या पडवीतल्या पाटावर येऊन बसते.

गेल्या पौषात काका गेले. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते. पेठेतली बरीच माणसं आली होती. बांबू तोडायला घेताना त्यांच्यातला एक म्हणाला, नीट माप घे हां, रहाट्याच्या काठीने नको. आणि लोक हसले. मोठ्याने नाही, मयताच्या घरी हसतात तेवढंच. वाईट माणसं नव्हती ती. सवयीने हसली. मी तिथेच उभी होते, चार पावलांवर. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. काठी कधी कापली, का कापली, तुमची कौलं कोणाच्या अब्रूवर उभी आहेत, सगळं. पण बोलले असते तर काकांनी जे वाचवलं तेच मी पाडलं असतं. त्या माणसाला ‘खडूस’ म्हणण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी त्याच्या तिरडीपाशी गप्प राहिले.

तेराव्यानंतर काकूंनी मला आत बोलावलं. देव्हाऱ्याच्या मागून एक जुन्या मोजणीच्या कापडातली पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आत पोफळीचं नऊ इंचांचं लाकूड. एका टोकाला जमिनीवर टेकून टेकून गुळगुळीत झालेली काळी गोलाई, दुसऱ्या टोकाला करवतीचा पांढरा काप. काकू म्हणाल्या, सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत बसून कापली. मला म्हणाले, तू आत जा. मी दारातून बघत होते. कापायच्या आधी तीनदा मोजलंन. आणि मग रडले गो. भाऊ तुटला तेव्हा नव्हते रडले.

मी माझी वीत त्या तुकड्याला लावून पाहिली. माझी वीत लहान पडते.

मी म्हटलं, काकू, मला लिहायचंय त्यांच्यावर. लोकांना कळू दे कोण माणूस होता तो. त्यांनी पदराने तो तुकडा पुसला, पुन्हा कापडात बांधला आणि माझ्या पिशवीत घातला.

"लिही तू," त्या म्हणाल्या. "पण नाव नको घालू. पेठेत गणपती बसायचेत अजून."

म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. आणि रहाटे हे नाव मी घातलं. त्यांचं नाव वेगळं होतं.